मान पुन्हा पुन्हा का धरते? दुखापतीनंतर व्यायामाकडे परतताना दोष कसा शोधावा

मानेला दुखापत झाल्यावर तीन-चार आठवड्यांत दुखणे थांबते, मान दोन्ही बाजूंना वळू लागते, आपण हौसेने पुन्हा व्यायामाला लागतो, आणि आठवडाभरात एखाद्या सकाळी उठताना मान धरलेली असते. मग पुन्हा शेक, पुन्हा मलम, पुन्हा आठ-दहा दिवस विश्रांती आणि त्यानंतर पुन्हा तोच आरंभ. माझ्या बाबतीत हे चक्र सात महिन्यांत चार वेळा फिरले. ऑगस्ट महिन्यात सिग्नलला स्कूटरवर थांबलो असताना मागून एका टेम्पोची धडक बसली. मी पडलो नाही, पण डोके आधी मागे आणि लगेच पुढे असे झटक्याने गेले. एक्स-रे निर्दोष आला, डॉक्टरांनी हातांची ताकद आणि संवेदना तपासली, स्नायू व अस्थिबंध ताणले गेल्याचे सांगितले, आणि थोड्या दिवसांत बरे वाटेल असा धीर दिला. तसे ते वाटलेही. अडचण सुरू झाली ती बरे वाटल्यानंतर.

येथे मी लिहितो आहे ते अशा वारंवार उलटणाऱ्या दुखण्याविषयी. ज्यांच्या मणक्याला अस्थिभंग झाला आहे किंवा ज्यांच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या शल्यविशारदांनी आखून दिलेले वेळापत्रकच पाळावे. पुढील मजकूर त्यांच्यासाठी नाही.

व्यायामाचा दोष शोधण्याआधी

दुखणे उलटले की आपण व्यायामाला दोष देऊ लागतो, परंतु काही लक्षणे अशी असतात की त्यांचा व्यायामाशी संबंध जोडत बसणे म्हणजे वेळ घालवणे होय. हाताला किंवा पायाला मुंग्या येणे, बधिरपणा वाढत जाणे, हातातून भांडे निसटणे, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, पायातली चप्पल नकळत निसटणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर नस किंवा मज्जारज्जू दाबला जात असण्याची शक्यता धरून त्वरित डॉक्टर गाठावेत. मानेच्या एका बाजूला पूर्वी कधीच न जाणवलेल्या प्रकारची कळ, सोबत डोकेदुखी, एकाच्या जागी दोन दिसणे, जीभ जड होणे, चेहरा किंवा पापणी एका बाजूस ओघळणे, अशी लक्षणे असतील तर घरी थांबूच नये, थेट रुग्णालयात जावे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतील अस्तराला चीर गेली, तर अशी लक्षणे दिसू शकतात, आणि ती चीर कित्येकदा अगदी किरकोळ वाटणाऱ्या हिसक्यानेही पडते. ताप, विनाकारण घटणारे वजन आणि कुशी बदलूनही न थांबणारे रात्रीचे दुखणे हीदेखील तपासणीची कारणे आहेत.

दुखापत ताजी असेल तर आणखी एक कसोटी उपयोगी पडते. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये एक नियम प्रसिद्ध केला, आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या मानेचा एक्स-रे किंवा स्कॅन काढावा की नाही हे ठरवण्यासाठी तो अनेक देशांत वापरला जातो. वय ६५ किंवा अधिक असेल, सुमारे एक मीटर किंवा पाच पायऱ्यांपेक्षा उंचावरून पडणे झाले असेल, टाळूवर सरळ आघात झाला असेल, किंवा हातापायांत मुंग्या असतील, तर तपासणी टाळू नये, असे तो सांगतो. उरलेल्या सौम्य प्रकरणांतही रुग्णाला स्वतःहून मान दोन्हीकडे ४५ अंश वळवता येत नसेल तर तो एक्स-रे किंवा स्कॅन काढावा लागतो. आपल्याकडे विहिरीत किंवा उथळ बंधाऱ्यात सूर मारणारी मुले आणि दहीहंडीच्या वरच्या थरावरून खाली येणारे गोविंदा हे या नियमात तंतोतंत बसतात. त्यांची ‘मान जरा लचकली आहे’ असे म्हणून कोणी मालिशवाल्याकडे नेऊ नये. दाढी-कटिंगनंतर मान कडकन मोडून देण्याची जी प्रथा अनेक सलूनमध्ये आहे, तिला तर दुखापतीनंतर स्पष्ट शब्दांत नकार द्यावा. मी स्वतः पहिल्या खेपेला संकोचापोटी नकार दिला नव्हता, आणि तो संकोच किती महाग पडू शकला असता, हे मला नंतर कळले.

दुखणे आधी जाते, ताकद मागाहून येते

साधारण साडेचार ते पाच किलोंचे डोके मानेच्या सात मणक्यांवर दिवसभर तोललेले असते. हा तोल सांभाळण्याचे बारीक काम मणक्यांना अगदी लगटून असलेले खोलवरचे लहान स्नायू करतात, तर कानामागून गळ्याच्या खाचेकडे तिरके उतरणारे आणि खांद्यांवर पसरलेले मोठे स्नायू जोराच्या हालचालींसाठी असतात. मान दुखावली की खोलवरचे स्नायू आपल्या कामातून अंग काढून घेतात आणि त्यांची जबाबदारी मोठ्या स्नायूंवर पडते. ते बिचारे जोराच्या कामासाठी घडलेले असल्याने लवकर थकतात, आखडतात, खांदे कानांकडे ओढून धरतात. महत्त्वाची गोष्ट ही की दुखणे थांबले म्हणून खोलवरचे स्नायू आपोआप कामावर परत येतातच असे नाही, हे फिजिओथेरपीतील संशोधनातून वारंवार दिसले आहे. म्हणजे आपण ज्या दिवशी ‘आता बरे वाटते’ असे म्हणून व्यायामशाळेत जातो, त्या दिवशी दुखण्याने रजा घेतलेली असते, पण राखणदार अजून हजर झालेला नसतो.

मी मात्र या चक्रासाठी एमआरआयच्या अहवालाला जबाबदार धरून बसलो होतो. दुसऱ्या खेपेनंतर मी हट्टाने एमआरआय करून घेतला, त्यात मानेच्या दोन मणक्यांमधील एका गादीला (डिस्कला) थोडा फुगवटा असल्याचे लिहून आले, आणि पुढचे दोन महिने मी मान काचेची असल्यासारखा वावरलो. जपानमध्ये मानेची कोणतीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या गादीत फुगवटा आढळला होता. अहवालातील तो शब्द हातातील मुंग्या किंवा अशक्तपणा यांच्याशी जुळत नसेल, तर त्याला वयानुसार पिकणाऱ्या केसांहून फार अधिक महत्त्व देण्याचे कारण नसते. हे मला डॉक्टरांनी सांगितले होते. ऐकून घेण्याची माझी तयारी नव्हती.

किती दुखते यापेक्षा कधी दुखते

चौथ्या खेपेनंतर मी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, “व्यायाम केल्यावर नक्की कधी दुखतं? करताना, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, का तीन-चार दिवसांनी?” मला उत्तर देता आले नाही. “मॅडम, दुखतं एवढं खरं,” असे मी म्हणालो. त्यावर त्यांनी दोन आठवडे व्यायाम बदलू नका, फक्त हलका ठेवा आणि वहीत वेळा लिहा, असे सांगितले. दोष शोधण्याची जी पद्धत मला उपयोगी पडली ती हीच. दुखणे परतण्याची वेळ बहुधा कारणाकडे बोट दाखवते. अर्थात हे अनुभवाचे आडाखे आहेत, गणित नव्हे.

व्यायाम चालू असतानाच एखाद्या विशिष्ट हालचालीत चमक निघत असेल, तर दोष बहुतेक वेळा त्या हालचालीच्या पद्धतीत असतो, व्यायामाच्या प्रमाणात नव्हे. पोटाचे व्यायाम करताना बोटे मानेमागे गुंफून डोके वर ओढणे, प्लँक करताना डोके खाली लोंबकळू देणे, वरून ओढायचा दांडा मानेच्या मागे उतरवणे, जड वजन उचलताना दात आवळून श्वास कोंडणे आणि हनुवटी पुढे काढणे, या चारांपैकी तीन चुका माझ्या वहीत सापडल्या. पहिल्या खेपेला, गणपतीच्या दिवसांत, मान धरली ती मागे उतरवलेल्या दांड्याने. दुसऱ्या खेपेला, नोव्हेंबरात, पोटाच्या व्यायामाने. दांडा छातीच्या बाजूला उतरवला, हात छातीवर घडी करून ठेवले, आणि त्याच वजनात, तेवढ्याच आवर्तनांत चमक निघणे थांबले.

सूर्यनमस्काराचे प्रकरण थोडे वेगळे आहे आणि मराठी घरांत ते इतके रुजलेले आहे की त्याकडे संशयाने पाहण्याची आपल्याला सवयच नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून त्याचा प्रसार केला तेव्हापासून कित्येक पिढ्यांचा तो रोजचा व्यायाम आहे, आणि मीही तो निरुपद्रवी म्हणूनच सर्वांत आधी सुरू केला होता. परंतु बारा स्थितींच्या प्रचलित पद्धतीत मान मागे जाण्याचे प्रसंग मोजून पाहावेत: दुसऱ्या स्थितीत हात वर नेऊन मागे झुकताना, चौथ्या आणि नवव्या स्थितीत एक पाय मागे नेऊन वर पाहताना, सातव्या स्थितीत भुजंगासनात, आणि अकराव्या स्थितीत पुन्हा मागे झुकताना. एका नमस्कारात पाच वेळा, म्हणजे बारा नमस्कारांत ६० वेळा. रथसप्तमीच्या सामूहिक कार्यक्रमात मी १०८ नमस्कार पूर्ण केले, म्हणजे दुखावलेली मान मी एका सकाळी ५४० वेळा मागे टाकली. माझी तिसरी खेप नेमकी त्याच दिवसाची होती, आणि तरीही त्या वेळी मी गादीच्या फुगवट्याला दोष दिला होता.

यावर उपाय नमस्कार सोडून देणे हा नव्हे. पाचही ठिकाणी मान मागे टाकण्याऐवजी छाती उचलावी, नजर समोर किंवा किंचितच वर ठेवावी, भुजंगासनात कोपरे वाकलेली ठेवून खांदे कानांपासून दूर राखावेत, आणि पर्वतासनात डोके दंडांच्या रेषेत ठेवावे. सुरुवात चार नमस्कारांनी करावी. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन यांचा मात्र वेगळा विचार करायला हवा. शीर्षासनात शरीराचा भार थेट टाळूवर येतो, तर उरलेल्या दोन आसनांत मान भाराखाली पूर्ण पुढे वाकते. मानेच्या दुखापतीनंतर ही आसने सर्वांत शेवटी करावीत, किंवा करूच नयेत. माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते, कारण त्यांतून मिळणारा लाभ इतर अनेक व्यायामांतून कमी धोक्यात मिळतो.

व्यायाम सकाळी निर्विघ्न पार पडतो आणि संध्याकाळी मान जड होते, ठणकते, डोक्याच्या मागच्या भागातून कपाळाकडे कळ सरकते, असे असेल तर कमतरता बहुधा टिकाव धरण्याच्या क्षमतेत असते. येथे व्यायामाइतकाच उरलेला दिवसही हिशेबात घ्यावा लागतो. पूर्ण चेहरा झाकणारे सुमारे दीड किलोचे हेल्मेट घालून खड्ड्यांतून तासभर दुचाकी चालवणे, खांदा आणि कान यांत मोबाइल दाबून बोलणे, मांडीवरच्या लॅपटॉपकडे वाकून तीन तास बघणे, एका खांद्यावर जड बॅग अडकवणे, हे सर्व मानेच्या खात्यातूनच वजा होत असते. हेल्मेट अर्थातच सोडायचे नाही. दुचाकीच्या दिवशी वजने उचलायची नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. माझी चौथी खेप मार्चअखेरच्या कामात आली. तेव्हा व्यायाम जेमतेम होता आणि खुर्ची बारा तास होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मान आखडलेली आढळत असेल तर प्रमाण चुकले असे धरून चालावे. फिजिओथेरपिस्ट यासाठी सहसा २४ तासांचा निकष वापरतात. दहापैकी दोन-तीन इतपत दुखणे व्यायामात जाणवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर आले, तर तेवढा भार मानेला मानवला. चढे राहिले तर पुढच्या वेळी भार कमी करावा. निकष वापरायचा तर व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये, नाहीतर मोजमाप करणारा काटाच आपण बांधून ठेवतो. उशी अतिउंच असेल किंवा पालथे झोपण्याची सवय असेल, तर तीही एकदा तपासावी. कुशीवर झोपल्यावर नाक छातीच्या मध्यरेषेत राहील एवढी उंची पुरते.

तीन-चार दिवस सर्व ठीक आणि मग अचानक मान धरणे, हा सर्वांत फसवा प्रकार होय, कारण ज्या दिवशी दुखते त्या दिवशी आपण विशेष काहीच केलेले नसते. येथे भार साचत गेलेला असतो. रोजचा व्यायाम एकेकटा सोसवतो, पण मधली विश्रांती पुरत नाही. मानेला ताण देणारे दोन दिवस लागोपाठ न ठेवणे, एवढ्या एका बदलाने माझ्या वहीतील अर्ध्याहून अधिक नोंदी थांबल्या.

दुखण्याऐवजी हलकी अस्थिरता किंवा मान वळवल्यावर जमीन सरकल्याचा भास होत असेल, आणि डॉक्टरांनी कान, रक्तदाब, रक्तवाहिन्या यांची शंका दूर केली असेल, तर मान नेमकी कोणत्या स्थितीत आहे याची आपसूक जाण बिघडली असण्याचा संभव असतो. तपासणीची रीत मोठी मजेशीर आहे: डोक्याला लेझरचा छोटा दिवा बांधून भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसायचे, ठिपक्याची जागा खुणवायची, डोळे मिटून मान वळवायची आणि अंदाजाने पुन्हा मध्यावर आणायची. ठिपका मूळ जागेपासून साधारण सात सेंटिमीटरहून, म्हणजे साडेचार अंशांहून दूर पडू लागला तर सरावाची गरज आहे, असे मानतात. त्याचा सरावही याच खेळातून होतो.

परतीची वाट

सौम्य दुखापतीत मान पट्ट्यात बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता सहसा दिला जात नाही. डॉक्टरांनी मोठी इजा नाही असे सांगितल्यावर दुखणे सोसवेल एवढ्या मर्यादेत मान हळूहळू सर्व दिशांना फिरवत राहणे आणि चालणे हे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करता येते.

त्यानंतरची पायरी खोलवरच्या स्नायूंची, आणि नेमकी हीच पायरी आपण गाळतो, कारण तिच्यात घाम येत नाही आणि बघणाऱ्याला काही चालले आहे असे वाटतही नाही. पाठीवर झोपावे, गुडघे वाकवावेत, डोक्याखाली पातळ टॉवेलची घडी अशी घ्यावी की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत राहतील. आता डोके न उचलता अत्यंत सावकाश ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यावी. टाळू वर सरकते आहे आणि मानेची मागची बाजू लांब होते आहे असे जाणवले पाहिजे. दोन बोटे गळ्याच्या बाजूंच्या तिरक्या स्नायूंवर ठेवावीत. ते टणक झाले तर जोर जास्त झाला, कारण पुन्हा तेच मोठे स्नायू काम उरकून टाकत आहेत. पाच सेकंदांपासून सुरू करून दहा सेकंदांपर्यंत, दहा वेळा, दिवसातून दोनदा. फिजिओथेरपिस्टकडे हेच मोजण्यासाठी मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवतात, तिच्यातील दाब २० मिलिमीटर पाऱ्यावर ठेवतात आणि दोन-दोनच्या टप्प्याने ३० पर्यंत नेऊन तो स्थिर धरायला सांगतात. वर्षानुवर्षे दंड-बैठका काढणारा मी पहिल्या दिवशी २४ च्या पुढे गेलो की थरथरू लागे. कोठे पाणी मुरते आहे, हे त्या थरथरीने मला सात महिन्यांत पहिल्यांदा दाखवले.

दोन-तीन आठवड्यांत हे जमू लागले की तळहात कपाळावर, डोक्यामागे आणि दोन्ही कानशिलांवर आळीपाळीने ठेवून मान न हलवता जोर लावण्याचे व्यायाम घ्यावेत. जोर सोळा आण्यांपैकी दोन-तीन आणेच लावायचा आणि मग आठवड्यागणिक वाढवायचा. त्याच सुमारास खांद्याची पाती स्थिर ठेवणारे स्नायूही तयार करावे लागतात, कारण हाताचा सारा भार खांद्यांतून मानेला लटकलेला असतो. भिंतीवर हात टेकून काढलेले दंड आणि रबरी पट्टा छातीच्या पातळीवर बांधून मागे ओढणे, हे दोन पुरेसे आहेत.

व्यायामशाळेत परतताना पायांपासून आरंभ करावा. दांडा मानेच्या तळाशी ठेवून बैठका काढण्याऐवजी एक डंबेल छातीशी धरून काढाव्यात, वजन पूर्वीच्या निम्म्याहून कमी ठेवावे, आणि वजन, आवर्तने किंवा दिवस यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि मान धरली तर दोष कोणाचा, हे वहीलाही सांगता येत नाही. डोक्यावर वजन नेणारे व्यायाम सर्वांत शेवटी. सरळ बसून चालवायची सायकल लवकर सोसवते. खाली वाकून चालवायच्या सायकलीत पुढे पाहण्यासाठी मान सतत मागे ताणलेली राहते, म्हणून ती उशिरा. पोहणाऱ्यांनी श्वास दोन्ही बाजूंनी आलटून पालटून घ्यावा, डोके पाण्याबाहेर ठेवून पोहू नये आणि सूर मुळीच मारू नये. अर्धा तास भरभर चालणे निर्वेध झाल्याशिवाय धावू नये.

कबड्डी, कुस्ती आणि खो-खो यांचा निर्णय खेळाडूने एकट्याने घेण्यासारखा नाही. मान सर्व दिशांना पूर्ण आणि वेदनेशिवाय फिरते, दोन्ही बाजूंची ताकद सारखी आहे, हातात मुंग्या किंवा अशक्तपणा नाही, आणि तपासून डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. कबड्डीत पकडीच्या वेळी मान एकीकडे वाकून खांदा दुसरीकडे ओढला जातो आणि हातातून विजेसारखी सणक जाते. तसे झाले तर, सणक मिनिटाभरात विरली तरीही, त्या दिवशी पुन्हा मॅटवर उतरू नये आणि तपासणी करून घ्यावी. खो-खोतला खांबावरचा सूर आणि कुस्तीत डोक्यावर भार घेऊन मानेची कमान करण्याचा सराव हे शेवटच्या टप्प्यातले, तेही वस्तादाच्या किंवा प्रशिक्षकाच्या नजरेखालीच.

मान पुन्हा धरलीच तर

आधी वरची धोक्याची लक्षणे पडताळावीत. ती नसतील तर सर्व काही बंद करून अंथरूण धरण्याची आवश्यकता नसते. आराम वाटत असेल तर शेक घ्यावा, दोन दिवस वजने बाजूला ठेवावीत, चालणे आणि ‘हो’ म्हणण्याचा व्यायाम चालू ठेवावा, आणि मग जेथे घसरलो त्याच्या दोन पायऱ्या खालून पुन्हा आरंभ करावा. मी पूर्वी प्रत्येक वेळी दहा दिवस पूर्ण विश्रांती घेत असे आणि अकराव्या दिवशी थेट जुन्या वजनांवर जात असे. त्या दहा दिवसांत मान आणखी अशक्त होत असे आणि माझी घाई मात्र वाढलेली असे. सहा आठवडे नेमाने करूनही पायरी पुढे सरकत नसेल, किंवा दर खेपेला दुखणे आधीपेक्षा लवकर आणि अधिक तीव्रतेने परतत असेल, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. वेळांची नोंद पाहिल्यावर त्यांचेही काम निम्मे हलके होते.

एप्रिलपासून मी हा क्रम पाळला. ऑगस्टपर्यंत निम्म्या वजनांवरून पूर्वीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत आलो आणि आठवड्यातून चार दिवस बारा नमस्कार, मान मागे न टाकता, घालू लागलो. शीर्षासन सोडले ते सोडलेच. ऑक्टोबरात पाचवी खेप आली. वही उघडली तर व्यायामाच्या रकान्यात आदल्या दोन दिवशी काहीच नव्हते, आणि शेजारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते: दिवाळीची साफसफाई, छताचे तीन पंखे आणि स्वयंपाकघरातील माळा, अडीच तास वर पाहून. दोन दिवस चाललो, तिसऱ्या दिवशी चार नमस्कार घातले, आणि आठवड्याच्या शेवटी पुन्हा बारावर आलो. उरलेला एक पंखा यंदा मुलाने पुसला.